नागपुरात सर्वंकष सत्ता उभी करण्याची कृती: डिस्टोपियन कथा लिहिणाऱ्यांसाठी

ही कृती डिस्टोपियन कथा, म्हणजे माणसाला चिरडणाऱ्या कल्पित राजवटीची कथा, मराठीत लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि तीही परदेशी राखाडी शहर उसनं न घेता नागपूरच्या महाल, इतवारी, धरमपेठेत घडवू पाहणाऱ्यांसाठी. माप आधीच ठरवून घ्या: ५,००० ते ६,००० शब्द, एक मुख्य पात्र, एक मोहल्ला, एक उन्हाळा आणि त्यामागून येणारा पोळा. कादंबरीचा विचार असला तरी आधी एवढंच लिहून पाहा, कारण सत्तेची यंत्रणा लंगडी असेल तर ती याच मापात उघडी पडते.

कच्च्या खर्ड्यांत एक दोष हमखास सापडतो. पहिल्याच पानावर भोंगे, गणवेश, धुरकट आकाश, आणि हे सगळं चूक आहे हे पहिल्या ओळीपासून ठाऊक असलेला नायक. अशा नायकाला निवडण्यासारखं काही उरतच नाही. तो पकडलं जाण्याची वाट बघतो आणि वाचक त्याच्यासोबत घड्याळ बघतो. माणसाची इच्छा कागदावर दिसायची असेल तर हुकूम मानणं आरामाचं, शहाणपणाचं, घरच्यांच्या भल्याचं वाटलं पाहिजे, आणि न मानण्याची किंमत वाचकाला रुपया-पैशासारखी मोजता आली पाहिजे. पुढची सगळी खटपट याच एका कामासाठी आहे.

नियम तीनच करा

राजवटीचा इतिहास, झेंडा, पक्षाचं नाव, क्रांतीचं वर्ष हे सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि तिथेच राहू द्या. कथेत फक्त तीन नियम आणा. एक अंगाला लागणारा, एक बोलण्या-आठवण्याला लागणारा, एक शेजाऱ्याशी असलेल्या नात्याला लागणारा. चौथा नियम आला की वाचक नियम लक्षात ठेवण्यात गुंततो आणि माणूस हातचा निसटतो.

अंगाला लागणारा नियम नागपुरात शोधायला लांब जावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं इथे नेहमीचं. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. आता कूलर कसा चालतो ते नीट बघा. ओल्या गवतातून हवा ओढायची, पाण्याची वाफ होताना ती थंड होते, आणि ती खोलीत सोडायची. पण ही हवा बाहेर पडायला समोरची खिडकी किंवा दार उघडं लागतं, नाहीतर तासाभरात खोली दमट होऊन अंग चिकचिकतं. म्हणजे मेच्या रात्री अख्ख्या मोहल्ल्याच्या खिडक्या उघड्या. त्याच वेळी कूलरच्या पंख्याची घरघर इतकी, की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही. उघडी खिडकी आणि घरघर या दोनच गोष्टींवर तुमची पाळत-व्यवस्था उभी राहते. नागपूरच्या उन्हाळ्यात लोकांना मिळणारा खासगीपणा हा भिंतींचा नसतो, कूलरच्या आवाजाचा असतो.

म्हणून तुमची राजवट कूलरवर बंदी घालत नाही. ती फुकट थंड हवा देते. समजा तिचं नाव 'शीतल योजना'. १५ एप्रिलपर्यंत जुना कूलर जमा करायचा, खिडक्या सील होतील, भिंतीतल्या जाळीतून २६ अंशांची हवा येईल, बिल शून्य, आवाजही शून्य. ४६ अंशांत याला नाही कोण म्हणेल? दम्याची सासू पहिल्यांदाच रात्रभर झोपते. बारावीतला मुलगा दुपारी अभ्यास करू शकतो. आणि घर इतकं शांत होतं की जाळीमागे काही असेल तर त्याला सगळं ऐकू जाईल. जाळीमागे खरंच काही आहे का, हे कथेत कधीच सांगू नका. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमने १७९१ साली छापलेल्या तुरुंगाच्या आराखड्याचं मर्म हेच होतं: कैद्याला पहारेकरी दिसत नाही, त्यामुळे पहारेकरी असला-नसला तरी कैदी नीटच वागतो.

दुसरा नियम आठवणीचा: तापमानाचा ४४ च्या वरचा आकडा उच्चारायचा नाही, लिहायचा नाही. याला खऱ्या घटनेचा आधार आहे, फक्त उलट्या दिशेने. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. हवामान खात्याने तपासून तो संवेदकाचा बिघाड असल्याचं सांगितलं. तिथे यंत्र चुकलं आणि माणसांनी दुरुस्त केलं. तुमच्या कथेत यंत्र बरोबर असतं, अंगही बरोबर असतं, आणि दुरुस्ती तरीही होते.

तिसरा नियम: दर रविवारी प्रत्येक घराने 'शेजार-नोंद' भरायची. दोन ओळी पुरेत. 'सर्व ठीक' लिहिलं तरी चालतं. निदान सुरुवातीला.

प्रत्येक नियमाखाली पाच ओळी लिहून काढा: जाहीर कारण काय, खरं कारण काय, लोकांना मिळणारा फायदा काय, तपासतं कोण, आणि मोडला तर काय होतं. फायद्याची ओळ रिकामी राहिली तर तो नियम फेकून द्या. मोडल्यावर काय होतं ती ओळ मात्र मुद्दाम धूसर ठेवा. जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' या कादंबरीत (प्रकाशन १९४९) डायरी लिहिणं बेकायदा नसतं, कारण तिथे कायदेच उरलेले नसतात. तरी सापडली तर मृत्यू किंवा २५ वर्षांची सक्तमजुरी, हे नायक गृहीत धरतो. ठरलेल्या दंडाचा हिशेब माणूस मांडू शकतो आणि कधीकधी भरूनही मोकळा होतो. न ठरलेला दंड तो स्वतःच वाढवत नेतो, सरकारला काही करावं लागत नाही.

कॅमेरे काढा, माणसं ठेवा

नवे लेखक पाळतीसाठी ड्रोन, चिप, चेहरा ओळखणारी यंत्रं भरतात. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांकडे १९८९ साली सुमारे ९१,००० पगारी माणसं होती, आणि त्यांच्याखेरीज दीड लाखाहून बरेच जास्त बिनपगारी खबरे. देशाची लोकसंख्या साधारण १ कोटी ६० लाख. यंत्रणेचा मोठा भाग म्हणजे शेजारी, सहकारी, कधी घरातलंच कोणी. रोमानियात १९८३ च्या एका फर्मानाने घरोघरचे टाइपरायटर पोलिसांकडे नोंदवायला लावले आणि प्रत्येक यंत्राच्या अक्षरांचा नमुना ठेवून घेतला. त्याला लागलं काय? कागद, शिक्का, रांग आणि एक टेबल. तुमच्या कथेतही एवढंच लावा.

खबऱ्याला राक्षस करू नका. त्याची गरज लहान आणि ओळखीची ठेवा: बदली थांबवणं, मुलीची फी, आईचं औषध. पानठेलेवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर रोज भेटणारा ओळखीचा माणूस, हे चालतील. सर्वांत चांगला खबऱ्या तो, ज्याचं मुख्य पात्रावर खरंच प्रेम आहे आणि जो तिला वाचवण्यासाठीच नोंद करतो.

पात्राला चार गोष्टी द्या

उदाहरण म्हणून एक बाई घेऊ. वय ५०, महालात घर, पाण्याचे मीटर वाचण्याची नोकरी, म्हणजे दिवसभर उन्हात. घरी दम्याची सासू आणि बारावीतला मुलगा. धाकटा दीर मोहल्ल्याचा 'शीतल मित्र', म्हणजे शीतल योजनेचा तिथला माणूस. हुशार, बंडखोर, कविता करणारी अशी ती अजिबात नको. तिला चारच गोष्टी द्या: अंगात मुरलेली एक सवय, घरची बोली, सरकारी नोंदीशी न जुळणारी एक आठवण, आणि जिच्याविषयी तिची जबाबदारी आहे अशी एक व्यक्ती.

सवय क्षुल्लक असली तरच उपयोगी. घरातून निघताना पदरात कांदा बांधणं, डोक्याला दुपट्टा गच्च आवळणं. कांदा जवळ ठेवल्याने ऊन लागत नाही याला वैद्यकीय आधार नाही, आणि राजवट नेमकं हेच शास्त्रीय कारण देऊन तो बंद करते. इथे राजवट खरं बोलते. हे अवघड वळण घेण्याजोगं आहे, कारण वाचकालाही क्षणभर सरकारचं पटतं.

बोलीसाठी तीन थर वेगवेगळे लिहा. घरात नागपुरी, कार्यालयात सावध प्रमाण मराठी, आणि परिपत्रकाची मराठी. पहिल्या दृश्यात दीर म्हणतो, "वहिनी, कायले त्या खटाऱ्याच्या मागे लागून राहिल्या? द्या ना जमा करून." ती म्हणते, "राहू द्या भाऊजी, मले त्याच्या आवाजाशिवाय झोप नाही येत." परिपत्रक म्हणतं, "सदर यंत्र विहित मुदतीत जमा करणे अनिवार्य राहील." हे थर वेगळे ठेवायची शिस्त पाळलीत तर मध्यंतरानंतर एकच वाक्य पुरतं: जेवताना मुलगा ताट सरकवत म्हणतो, "सदर भाजी मला नको." सगळे हसतात. तो हसत नाही. राजवट घरात शिरली हे त्यापुढे सांगावं लागत नाही. बोली मात्र मापात ठेवा. प्रत्येक वाक्यात 'कायले' आणि 'बाप्पा' कोंबलं की ते विनोदी नाटुकलं होतं आणि माणूस चेष्टेचा विषय बनतो.

मोडतोडीचा क्रम

राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनी १९५१ साली सर्वंकष सत्तेवर लिहिताना छळछावण्यांच्या अभ्यासातून एक क्रम मांडला. आधी माणसातली कायदेशीर व्यक्ती मारली जाते, मग नैतिक व्यक्ती, आणि शेवटी त्याचं वेगळेपण, म्हणजे स्वतःहून काही नवं सुरू करण्याची क्षमता. कथेच्या बांधणीसाठी याहून उपयोगी आराखडा सापडणं कठीण. प्रत्येक टप्प्याला किमान एक दृश्य द्या आणि क्रम सहसा बदलू नका.

कायदेशीर व्यक्ती मारायला अटक लागत नाही. तिच्या ओळखपत्रावर 'नागरिक' याऐवजी 'लाभार्थी' छापून येतं. तक्रार करायला गेली तर लाभार्थ्याला तक्रारीचा अर्जच नाही असं कळतं. २०० शब्दांत उरका.

नैतिक व्यक्तीचा टप्पा हा कथेचा कणा आहे, इथे घाई केली की कथा पडते. तिसऱ्या आठवड्यात 'सर्व ठीक' लिहिलेली शेजार-नोंद परत येते: 'तपशील अपुरा'. ती निरुपद्रवी काहीतरी लिहिते, "समोरचे रात्री उशिरापर्यंत जागतात." दोन दिवसांनी समोरच्या घराची थंड हवा दोन रात्री बंद होते. कोणी तिला दोष देत नाही. उलट समोरची काकू डोळे सुजलेले असताना दारात येऊन विचारते, "तुमच्याकडे बर्फ आहे का?" आता ती साक्षीदार राहिलेली नाही, सहभागी झाली आहे. पुढच्या रविवारी काय लिहायचं? खोटं लिहिलं तर कुणाला तरी लागतं, खरं लिहिलं तरी लागतं, कोरं ठेवलं तर सासूला लागतं. चांगलं आणि वाईट यांतली निवड काढून घेऊन वाईट आणि वाईट यांतली निवड हातात देणं, आणि वर सही घेणं: या दृश्याला ८०० ते १,००० शब्द द्या.

तिसरा टप्पा, म्हणजे नाव जाऊन क्रमांक, केस कापणं, एकसारखे कपडे. बहुतेक खर्डे इथून सुरू होतात आणि मग गमवायला काही उरत नाही. याला एक मोठा अपवाद आहे. रशियन लेखक झाम्यातिनच्या 'आम्ही' या कादंबरीत (लेखन १९२०-२१, सोव्हिएत देशात ती १९८८ पर्यंत छापली गेली नाही) माणसं पहिल्या पानापासून क्रमांकच आहेत, घरं काचेची आहेत. तरी ती चालते, कारण निवेदकाला त्या काचेचा अभिमान आहे आणि पुढे आपल्याला आत्मा फुटतोय हे त्याला दुखणं वाटतं. तिसऱ्या टप्प्यावरून सुरुवात करायचीच असेल तर प्रवास असा उलटा ठेवा.

किमतीची वही

प्रत्येक दृश्यासाठी वहीत चार रकाने आखा: हुकूम काय, सोपी वाट कोणती, किंमत कोणाला आणि किती, कोणाला कळेल. या मापाच्या कथेत आठ-दहा निवडी बसतात. निवड मोजायची ती तीन अटींवर. दोन्ही दारं खरोखर उघडी हवीत. तिला किंमत निदान अर्धी तरी ठाऊक हवी. आणि लेखक म्हणून तुम्हाला दुसऱ्या दारानेही कथा नेता आली असती. तिसरी अट लोक विसरतात. लेखकाने आधीच ठरवून टाकलेला नकार पात्राचा राहत नाही, लेखकाचाच होतो, आणि वाचकाला त्याचा वास लगेच येतो.

पहिल्या पाच-सहा निवडी आज्ञापालनाच्या असू द्या. पालन हीसुद्धा निवडच आहे, आणि ती तशी लिहिली पाहिजे. चेक नाटककार व्हाक्लाव हावेल यांनी १९७८ मध्ये भाजीविक्रेत्याचं उदाहरण दिलं होतं: दुकानाच्या काचेत तो कामगार-एकजुटीची पाटी लावतो, तिच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे, त्रास नको म्हणून. प्रत्येक जण त्रास नको म्हणून पाटी लावतो आणि सगळ्या पाट्या मिळून राजवट तयार होते. तुमची बाई कूलर जमा करते तेव्हा तिला आणि वाचकाला, दोघांनाही हायसं वाटू द्या. इथे खिन्न वारा, उडणारा पाचोळा वगैरे आणून आगाऊ इशारा दिलात तर पुढचं सगळं फुकट.

मग मुख्य दृश्य. दुपारी दोनला सोबतचा मीटर-वाचक रस्त्यात कोसळतो, ऊन लागून. रुग्णालयापर्यंत पोचत नाही. अपघाताच्या अर्जात एक रकाना: 'घटनेवेळचे तापमान'. ४४ लिहिलं तर मृत्यू हृदयविकाराचा ठरतो, त्याच्या घरी भरपाई जात नाही. तिच्या हातातल्या जुन्या काचेच्या थर्मामीटरवर ४६ होते. ४६ लिहिलं तर मुलाचं परीक्षेचं प्रवेशपत्र अडेल, बहुधा. घरची हवा बंद होईल, नक्कीच. सासू, कोण जाणे. एक आकडा, एक रकाना, समोर घाम पुसत बसलेला कारकून. ती ४६ लिहिते असं तुमचं ठरलेलं असेल तर आधी ४४ लिहिलेलं दृश्य पूर्ण लिहून काढा. ते तितकंच पटलं तरच ४६ ला वजन येतं. आणि या आकड्याला तत्त्वज्ञान चिकटवू नका. ऑरवेलच्या कादंबरीत सत्ता नायकाकडून दोन आणि दोन पाच असं कबूल करून घेते, त्याची आठवण वाचकाला येणारच आहे. तुमचा आकडा वेगळा ठरतो तो त्याला चटका बसणारी कातडी आणि कोरडी पडलेली जीभ असल्यामुळे.

सोबती कधी आणायचा याचंही गणित आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे जे प्रयोग केले, त्यांत गटातले बाकीचे ठरवून एकच चूक उत्तर देत तेव्हा बिचारा खरा प्रयोगार्थी सुमारे एक-तृतीयांश वेळा त्यांच्या मागे जाई. गटातला एक जण जरी वेगळं बोलला तरी हे प्रमाण आधीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर येई. विशेष म्हणजे त्या एकाचं उत्तर बरोबर असायलाच हवं असंही नव्हतं. कथेसाठी याचे दोन अर्थ. सोबती आला की नकार स्वस्त होतो, म्हणून मुख्य निवडीच्या आधी तो आणू नका. आणि तो प्रियकर, क्रांतिकारक, गुरू असायची गरज नाही; रांगेत उगाच भांडणारा, चुकीच्या मुद्द्यावर अडून बसलेला एखादा कटकट्या म्हातारा पुरतो, अधिक चांगलाही.

अटक न करणारी राजवट

४६ लिहिल्यावर पोलीस आले तर कथा सोपी होते. न आणता पाहा. दोन दिवसांनी अर्ज परत येतो. आकड्यावर व्हाइटनर, त्यावर सुबक ४४, आणि खाली 'दुरुस्ती मान्य' असं लिहून सहीसाठी जागा. कारकून नम्र आहे. "ताई, चूक होते उन्हात. सही करा फक्त." घरची हवा चालू आहे, प्रवेशपत्र आलेलं आहे. ही दुसरी निवड पहिलीपेक्षा लहान दिसते आणि महाग पडते, कारण पहिलीला संतापाचा जोर होता, हिला नाही. खलनायकाचं भाषण टाळायची युक्तीही यातच आहे: राजवटीला जे म्हणायचं ते त्या व्हाइटनरने म्हटलेलं असतं. तीन पानांचं भाषण करणारा अधिकारी तुमच्या खर्ड्यात असेल तर त्याला कारकून करा आणि दोन वाक्यं द्या.

मारबत

नागपूरकर लेखकाकडे एक हत्यार आहे जे दुसऱ्या शहरातल्याकडे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, महाल-इतवारीतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मिरवून शेवटी जाळायच्या स्त्री-पुतळ्यांची, मिरवणूक निघते, सोबत बडगे असतात. एकोणिसाव्या शतकापासूनची ही रीत. लोक ओरडतात, "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि बडगे म्हणजे त्या वर्षी ज्याचा राग आला त्याचा पुतळा: महागाई, भ्रष्टाचार, कोणी पुढारी. सरकारला भर रस्त्यात नाव ठेवण्याची वर्षातून एकदाची मुभा.

अशा प्रथेचं राजवट काय करेल? घाईतला लेखक बंदी घालतो. बंदी घातली की कोणीतरी गुपचूप बडगा बनवणार, पकडला जाणार, हुतात्मा होणार. वाचकाला हे तुमच्याआधी ठाऊक असतं. शहाणी राजवट मिरवणूक मोठी करते. मार्गावर थंड पाणी, बडग्यांची यादी पंधरा दिवस आधी मंजूर, घोषणांचे कागद छापील. आणि यंदाच्या मंजूर बडग्यांत एक असतो 'अफवा': बांबू-कागदाचा बारा फुटी पुतळा, छातीवर लाल रंगात ४६. पूर्ण रस्ता ओरडतो, "अफवा घेऊन जा गे मारबत!" तिचा आकडा तिच्याच मोहल्ल्याच्या हातून जाळायला चालला आहे, आणि शेजारी उभा असलेला दीर तिच्या तोंडाकडे बघतो आहे, तिला वाचवण्यासाठी.

आता ती काय करते? गर्दीत गप्प राहणं किंवा मनात वेगळं म्हणणं हे चालणार नाही, कारण कोणाला कळत नाही, किंमत शून्य. 'आतून मात्र ती स्वतंत्र होती' हे वाक्य या प्रकारच्या कथांतली सर्वांत मोठी पळवाट आहे. वहीचा चौथा रकाना त्याच्यासाठीच आखला. तिच्या कडेवर किंवा हाताशी एक लहान मूल उभं करा, दिराचा सहा-सात वर्षांचा मुलगा. तो विचारतो, "मोठी आई, चाळीस आणि सहा काय असते?" उत्तर त्या मुलाला द्यायचं आहे, म्हणजे उद्या ते शाळेत पोचेल. इथे तिने काय म्हणायचं ते कृतीत लिहून देता येत नाही. फक्त दृश्य ४०० शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि तिचं उत्तर नागपुरीत असू द्या.

माहिती कुठून आणायची

हवेतून काही रचू नका. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी आपल्या १९८५ च्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीसाठी नियम केला होता की माणसाने इतिहासात कुठे ना कुठे केलेलं नाही असं काहीही त्यात घालायचं नाही. आपल्याकडे आणीबाणी आहे: २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. ती ऑरवेलच्या अर्थाने सर्वंकष सत्ता नव्हती, निवडणुकीने संपली. पण सेन्सॉर, तुरुंग, अफवा आणि आपणहून गप्प बसणारे लोक यांचा साठा तिच्यात भरपूर आहे. त्या महिन्यांतली नागपूरची जुनी दैनिकं ग्रंथालयात बसून चाळा, आणि बातम्यांपेक्षा छोट्या जाहिराती, सत्कार, अभिनंदनाच्या चौकटी वाचा. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीला विरोध केला आणि पुढे त्यांना अटक झाली. त्या मांडवात टाळ्या कोण वाजवत असेल आणि कोण हात मांडीखाली दाबून बसलं असेल, याची कल्पना करणं हा तासाभराचा चांगला सराव आहे.

दुसरा सराव डिसेंबरचा. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवन, झिरो माइल, सीताबर्डी भागात फिरा. ही लोकशाहीची जत्रा आहे, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, घोषणा होतात. पण रस्त्यावर कठडे लागले की माणूस किती दिवसांत रोजची वाट बदलतो आणि कठडे निघाल्यावरही किती जण त्याच नव्या वाटेने जात राहतात, हे टिपून घ्या. सवय कशी लागते याचा कच्चा माल तिथे मिळतो.

एक खबरदारी. आजच्या कुठल्याही पुढाऱ्याचा चेहरा राजवटीला लावू नका, तुमचा राग कितीही रास्त असो. दोन निवडणुकांत कथा शिळी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे निम्मे वाचक आपण सुटलो असं समजून पुस्तक मिटतात. राजवटीला चेहराच नको. जाळी, अर्ज, व्हाइटनर पुरेसे.

शेवट आणि तपासणी

शेवट कसा करावा यावर अँथनी बर्जेस यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'ची (१९६२) हकीकत उपयोगी पडते. मूळ ब्रिटिश आवृत्तीत २१ प्रकरणं होती. शेवटच्यात हिंसक तरुण नायकाला हिंसेचा कंटाळा येतो आणि तो स्वतःहून बदलायच्या वाटेला लागतो. अमेरिकी आवृत्तीतून ते प्रकरण गाळलं गेलं आणि १९८६ पर्यंत तिथल्या वाचकांना २० प्रकरणंच मिळाली. माणूस निवडू शकतो का, या प्रश्नाची दोन उलट उत्तरं एकाच पुस्तकातून निघाली, एका प्रकरणाच्या फरकाने. म्हणून तुम्हीही दोन शेवट पूर्ण लिहा, एकात ती छापील घोषणा देते, दुसऱ्यात मुलाला उत्तर देते. मग मागे जाऊन बघा की आधीची पानं कोणत्या शेवटाला न बदलता धरून ठेवतात. दोन्हीला धरत असतील तर कथा उत्तम चालली आहे, हवा तो ठेवा. एकालाच धरत असतील तर तिसऱ्या-चौथ्या निवडीत एक दार तुम्ही नकळत बंद केलं आहे. ते शोधून उघडा.

त्यानंतर खर्डा दोन वाचकांना द्या, एक नागपूरचा आणि एक बाहेरचा. आवडली का, असं विचारू नका. एकच काम सांगा: ज्या ज्या जागी ती बाई वेगळं वागू शकली असती तिथे पेन्सिलीने फुली मारा. एकही फुली नाही आली तर राजवट फार जड झाली आहे, कुठल्या तरी नियमाचा दंड कमी करा किंवा फायदा वाढवा. पानोपानी फुल्या आल्या तर राजवट हलकी आहे, दम्याच्या सासूला पुढे आणा. तीन-चार फुल्या आल्या आणि त्यातली एक शेजार-नोंदीवर पडली, तर भाषेवर शेवटचा हात फिरवायला घ्या. बाहेरच्या वाचकाला 'बडगे' कळले नाहीत असं तो म्हणाला तर तळटीप देऊ नका. मिरवणुकीच्या दृश्यात अजून एक पुतळा उभा करा.